रथाला पाजलेलं दूध

थंडीचं वर्णन करायला मला फार आवडतं आणि माझ्या घरच्यांना ते ऐकायला अजिबात आवडत नाही. मी शाल सावरून "त्या साली काय झालं" एवढं म्हटलं की मुलगा मोबाईल उचलतो, आणि सून कुकरची शिट्टी झालेली नसताना झाली म्हणून आत जाते. म्हणून आता कागदावर सांगते. कागदाला उठून जाता येत नाही. तर, त्या साली वेल्ह्याच्या खोऱ्यात अशी थंडी पडली की सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा. कापलेल्या भातखाचरांतल्या धसकटांवर दव गोठून पीठ सांडल्यासारखं दिसायचं. गुंजवण्याकडून येणारा एक गुराखी सांगायचा, की रानात झाडाखाली पाखरं मरून पडलेली असतात. तो थापाड्या होता, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. पण एका सकाळी आमच्याच दारात एक साळुंकी सापडली, पाय वर, अंग दगडासारखं. आईनं ती सुपात घेऊन बांधाकडेला नेऊन ठेवली. त्यानंतर त्या गुराख्याला कुणी थापाड्या म्हटलं नाही.

आम्ही तेव्हा धरणाच्या कॅम्पात राहायचो. धरणाचं नाव सांगत नाही. आमच्याकडे धरणं पुष्कळ आहेत, हवं ते घ्या. कॅम्प म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. उन्हाळ्यात त्या भट्टीसारख्या तापायच्या आणि हिवाळ्यात पत्रा आकसताना असा कटकट वाजायचा की कुणीतरी छपरावर नखं आपटतंय असं वाटायचं. त्या आवाजावर मी झोपायला शिकले. एका वाकळेखाली मी, आई आणि आत्या. पहाटे आधी अण्णांचा खोकला ऐकू यायचा, मग आत्याचं चुलीशी बोलणं. आत्या चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, भिंतीवरच्या देवांना तर चांगलं खडसवायची. अण्णा म्हणजे माझे वडील आणि आत्या त्यांची थोरली बहीण. अण्णा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली आणि या पोरीनं, स्वतः जेमतेम परकर नेसायच्या वयात, त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती परत आली, आणि जिथं अण्णांची बदली तिथं आत्याचं गाठोडं, असा नियमच झाला. आख्खा कॅम्प ज्यांना वचकून असायचा त्या माझ्या वडलांना ती चारचौघांत "बाळू" म्हणायची. सकाळी गुळाचा चहा, त्यात गवती चहाची पात, आणि रात्रीची नाचणीची भाकरी निखाऱ्यावर कडक करून त्यावर लसणीची चटणी. बाळूला दोन भाकरी, बाकीच्यांना मागितल्यास.

आणि अण्णा काय करायचे? तर ऐका. भोर-वेल्ह्याच्या माणसांनी आगगाडी बघायची ती पुण्याला गेल्यावर. आमच्या मात्र दारातून ती जायची. खाणीपासून धरणाच्या बांधापर्यंत अरुंद रुळांची एक छोटी लाईन टाकली होती, आणि त्या लाईनवर दगडाच्या ट्रॉल्या ओढणारं वाफेचं इंजिन अण्णा चालवायचे. इंजिन लांबच्या कुठल्या तरी साखर कारखान्यातून म्हातारपणी इकडं आलेलं. चिमणी लांब, पोट गोल, अंगावर ठिगळं. सगळे त्याला "म्हातारी" म्हणायचे. म्हातारीच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या होत्या. त्यातलं पाणी अण्णा आत बॉयलरमध्ये सोडायचे, आणि आत किती पाणी आहे ते ड्रायव्हरच्या नाकासमोरच्या एका उभ्या काचेच्या नळीत दिसायचं. अण्णा घरी वर्तमानपत्र वाचायचे नाहीत, पण ती काच सतत वाचायचे. मला त्यांनी एकदा शेजारी उभं करून सांगितलं होतं, "सुले, ह्या काचंत पानी हाय तवर आपुन हाय. भट्टीच्या डोक्यावर कायम पानी पायजे. ते उघडं पडलं की लोखंड लाल हुतंय, आन मग म्हातारी फुटती. लांब कुठंतरी अशीच एक फुटल्याली, तिचं चाक पार दुसऱ्या गावात सापडलं." मी विचारलं, "आन ड्रायव्हर?" अण्णा म्हणाले, "तू शाळंत जा."

त्या हिवाळ्यात धरणाचं दगडकाम संपलं. लाईन उखडायची ठरली, म्हातारी भंगारात जायची होती. ओव्हरसियरसाहेबांना, म्हणजे कॅम्पातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, एक हौस सुचली. रूळ निघण्याआधी साऱ्या कॅम्पाला म्हातारीनं एक सहल घडवावी. दगडाच्या ट्रॉल्या धुवायच्या, त्यात पेंढा घालायचा, बायकापोरांना बसवायचं, खाणीच्या पलीकडच्या माळावर जायचं, तिथं जेवायचं आणि संध्याकाळच्या आत परत. दिवस निवडला रथसप्तमीचा, कारण रविवार होता आणि साहेबांच्या कॅमेऱ्यात रीळही होतं. अण्णांना ते पसंत नव्हतं. ते चुलीपुढं हात शेकत म्हणाले, "दगड वाहिला तर दगडाचं काय हुत न्हाई. मान्सं वाह्याची गाडी हाय का ती?" आत्या म्हणाली, "बाळू, आमी बी कदी बसायचं तुज्या गाडीत? तू सायेब झाल्यावर?" यावर अण्णा हसले, आणि ते हसले म्हणजे आत्याचं ठरलं.

आता रथसप्तमीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या दिवशी सकाळी अंगणात सूर्याचा रथ रांगोळीनं काढतात, गोवऱ्या पेटवतात आणि त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. सूर्यनारायणाला दूध. उगवतीकडे उतू गेलं की सालभर सुख. आमच्याकडे हे काम आत्याचं. त्या दिवशी ती अंधारात उठली, थंड पाण्यानं अंघोळ केली, दात वाजवत वाजवत सात घोडे काढले. घोडे जरा शेळ्यांसारखे झाले होते, पण बोटं आकडली असताना कोण काय करणार. गोवऱ्या पेटल्या, बोळकं ठेवलं. दूध तापू लागलं, कडेनं बारीक बुडबुडे आले, आम्ही सगळे वाकून बघतोय, आणि टच् असा आवाज झाला. बोळकं उभं चिरलं. गारठ्यात रात्रभर बाहेर राहिलेली माती, तिला एकदम जाळ सोसला नाही, एवढंच. पण दूध सगळं निखाऱ्यांत सांडलं, निखारे चरचरून विझले, आणि करपल्या दुधाचा वास साऱ्या अंगणात कोंदून राहिला. अण्णा तेव्हा इंजिनाला वाफ धरवायला कधीच गेले होते. आत्यानं त्या दोन खापऱ्या उचलल्या, जोडून पाहिल्या, आणि लाईनीकडं बघत राहिली. तिकडं धुक्यात म्हातारीचा धूर सरळ वर चढत होता. 

"वन्सं, बोळकंच ते," आई म्हणाली. "दुसरं घिऊ."

"आज तो मान्सं घिऊन जानार," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आजच फुटायचं व्हतं व्हय ह्याला?"

लगेच तिचं डोकं चालू लागलं. तिचं डोकं कधी थांबून राहायचं नाही, हे मी तुम्हाला सांगून ठेवते. देवाचं दूध राहिलं, ते दिलं पाहिजे. देव कोण, तर सूर्य. सूर्याला काय असतं, तर रथ. आज आपल्याकडे रथ कुठला, तर ज्याच्या पोटात अख्ख्या खोऱ्यातला सर्वांत मोठा जाळ पेटलाय, तो. तिनं हे इतकं भराभर जुळवलं की मला ते अगदी खरं वाटलं. आजही, मी हे लिहिताना, त्यात खोट कुठं आहे ती पटकन दाखवता येत नाही. तेवढ्यात आमच्या रांगेपुढून धोंडीबा गवळी भरला कॅन सायकलीला लटकवून परत येताना दिसला. गारठ्यानं भोरची एसटी सुरूच झाली नव्हती आणि त्याचं दूध जागच्या जागी राहिलं होतं. आत्यानं त्याला गाठलं. "धोंडीबा, देवाच्या कामाला दूध पायजे." तो म्हणाला, "घ्या की आक्का. न्हाईतर गटारातच जायचं हाय."

अण्णांचा कडक नियम होता: त्यांच्याशिवाय आणि फायरमन हरीभाऊंशिवाय म्हातारीला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला कुंकूसुद्धा ते स्वतः लावायचे. म्हणून आत्यानं ते दोघे चहाला हरीभाऊंच्या खोलीवर गेलेले साधले. आई "त्यास्नी इचारा तरी" म्हणत राहिली. रांगेतल्या बायका मात्र घरच्या दुधाचे तांबे घेऊन हजर झाल्या. आपलंही थोडं देवाला जावं, ही भावना. मी शिडी धरली. आत्यानं पदर खोचला, टाकीवर चढली, झाकण उघडलं आणि खालून हातोहात येणारे तांबे एकेक करून आत ओतू लागली. प्रत्येक तांब्याला काहीतरी पुटपुटत होती. शेवटी धोंडीबाचा कॅन वर चढवला. थंडीत टाकीच्या तोंडातून वाफेसारखं धुकं येत होतं आणि त्यात ते पांढरं दूध पडताना मला फार सुंदर दिसलं. म्हातारी हळू हळू उसासत होती. मला वाटलं, आवडतंय तिला. आत्यानं झाकण लावलं, खाली उतरली आणि सगळ्यांकडे बोट रोखून म्हणाली, "बाळूला कुनी बोलायचं न्हाई. पाप लागंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळ्या खूष होतो, आत्या तर सर्वांत जास्त. तिनं येणारं संकट अडवलं होतं.

निघताना उन्हाचा पत्ता नव्हता. सूर्य उगवला होता, पण डोंगराच्या पलीकडेच अडकून राहिल्यासारखा. राजगडाचा माथा तेवढा तांबडा झाला होता आणि खाली आम्ही निळ्या गारठ्यात, पेंढ्यात रुतून, घोंगड्या डोक्यावरून ओढून बसलेलो. कानटोप्यांतून नुसती नाकं बाहेर. आमची ट्रॉली इंजिनाला लागून पहिली होती. साहेब आणि त्यांची बायकोही त्यातच, खुर्च्या टाकून. अण्णांची आणि हरीभाऊंची पाठ आमच्यापासून इतकी जवळ की बोललेलं सगळं ऐकू येत होतं. हरीभाऊ मागं वळून म्हणाले, "आक्का, टिकीट दावा!" आत्या म्हणाली, "मेल्या, तुलाच फाडून देते!" सगळे हसले. अण्णांनी शिट्टी दिली. साऱ्या खोऱ्यातून ती शिट्टी परत आली, पण जरा उशिरानं आणि कुणीतरी दुसऱ्यानंच दिल्यासारखी.

थंडीत वाफ विरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी म्हातारीची वाफ निघाली की हवेत जिरायची. त्या दिवशी ती जिरेना. पांढरे ढग मागं येऊन आमच्यावर बसायचे, पुढचं इंजिन दिसायचं बंद व्हायचं, पाठीमागच्या ट्रॉल्यांतून नुसती पोरांची गाणी ऐकू यायची. मध्येच ढग फाटायचा आणि एखादं झाड एकदम अंगावर आल्यासारखं दिसायचं. खाणीकडचा चढ सुरू झाला. तो लांब भराव होता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उतार, खाली ओढा. तिथं म्हातारीचा आवाज बदलला. तिचा कोरडा धापा टाकायचा आवाज मला पाठ होता. आता ती घशाशी पाणी घोळवून गुळण्या केल्यासारखी वाजू लागली. मग चिमणीतून थेंब उडाले. गरम, मळके, पांढुरके थेंब. साहेबांच्या बायकोच्या नव्या शालीवर पडले, तशा त्या किंचाळल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, कारण ती शाल आम्हाला आधीच डोळ्यांत सलत होती.

आणि वास आला. करपल्या दुधाचा. साहेब नाक वर करून म्हणाले, "वा! माळावर कुणी आधीच चहा टाकलाय वाटतं." आत्यानं डोळे मिटून हात जोडले. "घेतलं," ती माझ्या कानात म्हणाली. "सुले, देवानं घेतलं बग."

पुढून अण्णांचा आवाज आला. "हरी, पानी बग."

"काच भरल्याली हाय, अण्णा. टिच्चून."

"मगाशी बी भरल्यालीच व्हती."

"आता बी भरल्याली हाय. म्हातारीला आज तहानच न्हाई."

"मग टाकीचं पानी बंद ठेव. जास्त झालं तर आनखी थुंकंल."

हरीभाऊंनी एक चाक फिरवून बंद केलं. मला ते त्यांच्या खांद्यावरून दिसलं. चढ चालूच होता. हरीभाऊ कोळसा मारत होते, भट्टीचं दार उघडलं की लाल उजेड ढगावर पडायचा आणि दोघांच्या सावल्या आमच्या अंगावरून मागं धावायच्या. पुन्हा अण्णा म्हणाले, या वेळी हळू, "एवढा चढ आलो. एवढी वाफ वढली. पानी उतरंना कसं?" हरीभाऊंची थट्टा संपली होती. अण्णा वाकून त्या काचेकडे बघत राहिले. मी त्यांना रोज बघत होते, पण ओळखीचं माणूस अनोळखी वाटावं तसं ते काचेकडे बघत होते.

मला पुढं कधी भौतिकशास्त्र जमलं नाही, आणि तेव्हाही मला काही सुचलं असं नव्हे. मी आपली थंडीत काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. दूध घरी रोज मीच राखायचे, पातेलं काठोकाठ वर येऊन फसवायचं हे मला ठाऊक. मी म्हटलं, "आत्या, दूध फुगून काठापातुर येतं, तवा खाली खरं किती असतं गं? निम्मं तरी असतं का?"

"गप बस," आत्या म्हणाली. आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काचेकडे. पुढं कितीतरी वर्षं मी माणसांचे चेहरे पाहिले, बाळंतपणं पाहिली, मरणं पाहिली. पण समजल्यानं एखाद्याचा चेहरा असा विझताना परत नाही पाहिला. ती उभी राहिली. चालत्या ट्रॉलीत, पेंढ्यात, साहेबांच्या खुर्चीला धरून.

"बाळू! गाडी थांबीव!"

"आक्का, बस खाली. चढावर थांबवत न्हाईत."

"थांबीव! तुज्या टाकीत आमी दूध घातलंय!"

हरीभाऊंना एकदम हसू फुटलं, आणि अण्णांकडे बघून ते अर्ध्यात राहिलं. अण्णा वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

"धोंडीबाचा कॅन. आन समद्या बायांचे तांबे."

अण्णांनी हात वर करून वाफेचा दांडा बंद केला आणि ब्रेक आवळून गाडी उभी केली. गुळण्यांचा आवाज थांबला. आणि आम्ही सगळ्यांनी, साहेबांनीसुद्धा, ते पाहिलं: पातेल्याखालचा जाळ काढल्यावर वर आलेलं दूध बसतं ना, तसं काचेतलं पाणी खाली बसू लागलं. अर्ध्यावर आलं, थांबलं नाही. तळाशी आलं. मग नुसती काच राहिली, तिच्या पलीकडे बॉयलरचं काळं लोखंड दिसत होतं. इतका वेळ त्या काचेत पाणी नव्हतंच. फेस होता. भट्टीच्या डोक्यावर आता किती पाणी आहे, किंवा आहे की नाही, हे कुणाला सांगता येणार नव्हतं.

"पानी सोडू?" हरीभाऊ चाकाला हात घालत म्हणाले.

"हात काढ," अण्णा म्हणाले. "वरचं लोखंड तापलं असलं, तर गार पान्यानं आत्ताच फुटंल." मग ते आमच्याकडे वळले. त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडूच आलं. "साहेब, उतरा. समदी उतरा. पोरं आधी. त्या मोठ्या कातळाच्या मागं जावा आन मी हाक मारल्याबिगर कुनी येऊ नका." साहेब म्हणाले, "ड्रायव्हर, काय प्रकार काय आहे?" अण्णा म्हणाले, "उतरा साहेब," आणि साहेब उतरले.

आई अशा वेळी बोलायची नाही. तिनं मागच्या ट्रॉल्यांकडे धाव घेतली, पोरं उचलून खाली दिली, म्हातारी माणसं उतरवली, गडीमाणसांना चाकांखाली दगड लावायला लावले. चढावर ट्रॉल्या मागं सुटल्या असत्या तर ते आणखी निराळं मरण होतं. पळा असं कुणी म्हणालं नाही, पण मागच्या ट्रॉल्यांतली गाणी बंद झाली होती आणि खडीवरून पायांचा नुसता खसखस आवाज येत होता. आत्या मात्र उतरेना. ट्रॉलीचा काठ धरून उभी. "तू पन चल," ती अण्णांना म्हणत होती. "बाळू, तू पन चल."

"जाळ काढायचा हाय. तो तसाच सोडला तर ती फुटनारच. हरी, आक्काला खाली घे."

हरीभाऊंनी तिला पेंढ्याचा भारा उचलावा तसं उचललं आणि माझ्याजवळ खाली ठेवलं. मी तिचा दंड धरून ओढत नेलं. मागून फावड्याचा आवाज येऊ लागला. अण्णा आणि हरीभाऊ भट्टीतला पेटता कोळसा फावड्यानं ओढून बाहेर फेकत होते. रुळांवर, खडीवर, उतारावर. गोठलेल्या गवतावर निखारे पडले की फिस्स व्हायचं. भरावावर पांढरं आणि लाल, दुसरा रंगच नव्हता.

कातळाच्या मागं आख्खा कॅम्प चिकटून बसला. थंडी आता आठवली सगळ्यांना. एक तान्हं रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. एक बाई पुटपुटत होती, "माझा तांब्या ल्हानच व्हता, माझा तांब्या ल्हानच व्हता." फावडं वाजत होतं. फावडं वाजतंय तोवर ते दोघे आहेत, असं मी मनात धरलं आणि ते वाजायचं थांबू नये म्हणून श्वास रोखून बसले. आजही, शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझं घर आहे, रस्त्याच्या कामावर कुणी खडीत फावडं घातलं की मी हातातलं काम सोडून ऐकत राहते. घरचे म्हणतात, हिला खडी आवडते.

मग फावडं थांबलं, आणि लगोलग आवाज झाला. तो फुटण्याचा नव्हता, पण ते नंतर कळलं. भट्टीच्या छतात शिशाचा एक डाट, म्हणजे बूच, बसवलेला असतो; लोखंड फार तापलं की तो आधी वितळतो आणि त्या भोकातून वाफ भट्टीत सुटून जाळ मारते, म्हणजे बॉयलर वाचतो. डाट वितळला होता. पण कातळामागं बसलेल्यांना डाट कुठला ठाऊक? आम्ही ऐकली ती एक किंकाळी, मोठी, जाडी, न संपणारी, आणि तिच्यासोबत पायाखालच्या जमिनीत थरथर. मी डोकं वर काढलं तर इंजिन नव्हतं. तिथं पांढरा डोंगर उभा राहत होता. त्यातून राख आणि ठिणग्या वर जात होत्या आणि तो आमच्या दिशेनं सरकत येत होता. किंकाळीचा हळूहळू फुत्कार झाला, फुत्काराची फुसफुस झाली, आणि मग काहीच नाही. 

वाफ विरेना. त्या थंडीत ती विरणारच नव्हती. ती भरावावर बसून राहिली आणि आम्ही तिच्याकडे बघत बसलो. आई उभी राहिली आणि परत खाली बसली. साहेब "ड्रायव्हर!" म्हणून ओरडले, उत्तर नाही. मग ढगाच्या खालच्या कडेनं काहीतरी हललं, आणि हरीभाऊ गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. भुवया जळून गेलेल्या, तोंड काळं, दोन्ही हात कुणाचे तरी उसने घेतल्यासारखे अंगापासून लांब धरलेले. लोक धावले. "अण्णा?" आईनं विचारलं. त्यांनी मान वळवून मागं, त्या पांढऱ्यात पाहिलं, एवढंच.

माझ्या हातातून दंड निसटला तेव्हा कळलं, की आत्या निघाली. ती पळाली नाही. पदर खोचला आणि दळण आणायला निघावी तशी चालत त्या ढगाकडे गेली. कडेशी पोचल्यावर तिनं हाक मारली. आमच्या देखत ती "बाळू" म्हणायची. ही हाक निराळी होती, फार लहान पोराला मारायची, आणि मी ती त्याआधी किंवा नंतर कधी ऐकली नाही. "बाळ्याऽऽ!" काही नाही. ढग तिच्या गुडघ्यापर्यंत आला. "बाळ्याऽऽ, ओ दे रं!"

कितीतरी वेळानं आतून खोकला आला. तोच, रोज पहाटेचा. मग अण्णांचा आवाज, घोगरा, खालून कुठून तरी, उताराच्या बाजूनं.

"आक्का, तिथंच थांब. म्या हाय. तुज्या पायात काय न्हाई, आन हितं समदे निखारे पडल्यात."

आत्या थांबली नाही.